रुग्णशय्येपाशी परीक्षा : भारतातील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या चिकित्साकौशल्यांच्या मूल्यमापनाचा इतिहास

१

वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास लिहिताना महाविद्यालयांची स्थापना, अभ्यासक्रमांची घडण आणि पाश्चात्त्य व एतद्देशीय वैद्यकांचे परस्परसंबंध या विषयांना स्वाभाविकपणे अग्रक्रम मिळत आला आहे. परीक्षा हा विषय मात्र प्रशासकीय तपशील समजून बहुधा बाजूला ठेवला जातो. वस्तुतः एखादा समाज आपले शरीर कोणाच्या हाती सोपवावयास तयार आहे, याचा औपचारिक निर्णय परीक्षेतच होत असतो. त्यातही लेखी परीक्षेपेक्षा रुग्णासमोर होणारी परीक्षा अधिक महत्त्वाची ठरते. रोग्याची विचारपूस करणे, त्याची नाडी, छाती, पोट तपासणे, आढळलेल्या लक्षणांचा अर्थ लावणे आणि ते सारे त्याला समजेल अशा शब्दांत सांगणे, या गोष्टी उत्तरपत्रिकेत उतरत नाहीत. या कौशल्यांची परीक्षा भारतात कशी सुरू झाली, तिच्यात कोणत्या कारणांनी बदल घडले आणि त्या बदलांत रुग्णाचे व त्याच्या भाषेचे स्थान काय राहिले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ आधुनिक काळाचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचे नावच मुळी ‘योग्यासूत्रीय’ असे आहे. ‘योग्या’ म्हणजे कर्माभ्यास. शास्त्र पढलेल्या शिष्यानेही प्रत्यक्ष कर्माचा सराव केला नसेल तर तो चिकित्सेस अपात्रच राहतो, अशी तेथील भूमिका आहे. म्हणून छेदनाचा सराव भोपळा, काकडी, कलिंगड यांसारख्या फळांवर, भेदनाचा पाणी किंवा चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर, वेधनाचा मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, तर पट्टबंधनाचा वस्त्रादिकांच्या मानवाकृतीवर करावा, असे तो अध्याय सांगतो. त्यानंतरच्या अध्यायात व्यवसायासाठी बाहेर पडणाऱ्या वैद्याकरिता राजाची अनुज्ञा आवश्यक मानली आहे. कौशल्याचा सराव आणि व्यवसायाची परवानगी या दोन बाबी अशा रीतीने लगतच्या अध्यायांत येतात. पण या दोहोंना जोडणारी औपचारिक परीक्षा कशी घेतली जावी, याचे सविस्तर वर्णन तेथे येत नाही. परवानगीपूर्वी अनेक विद्यार्थ्यांची एका मापाने परीक्षा घेणे, ही संस्थात्मक रुग्णालयाबरोबर आलेली कल्पना आहे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्येही रुग्णासमोरची परीक्षा सार्वत्रिक नव्हती. वैद्यकाची पदवी प्रामुख्याने लेखी व तोंडी उत्तरांवर मिळत असे. केंब्रिज विद्यापीठात जॉर्ज पॅजेट यांच्या आग्रहामुळे १८४२ साली पदवी परीक्षेत रुग्णशय्येपाशी घेतल्या जाणाऱ्या चाचणीचा समावेश झाला. ब्रिटनमधील नियमित स्वरूपाची ही पहिली रुग्णपरीक्षा मानली जाते. पुढे १८५८च्या वैद्यक अधिनियमाने जनरल मेडिकल कौन्सिल अस्तित्वात आले, आणि १८८६च्या अधिनियमाने वैद्यक, शल्यकर्म व प्रसूतिशास्त्र या तिन्ही विषयांत उत्तीर्ण झाल्याखेरीज नोंदणी मिळणार नाही असे ठरविले. तिसऱ्या विषयाचा हा समावेश भारताच्या दृष्टीने पुढे फार महत्त्वाचा ठरावयाचा होता.

भारतात कलकत्ता मेडिकल कॉलेज १८३५ साली स्थापन झाले. त्यासाठी १८२२ पासून देशी भाषेत चाललेली तेथील संस्था बंद करण्यात आली आणि शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले. मुंबईतही १८२६ साली जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषेतून वैद्यक शिकविणारी शाळा सुरू झाली होती; ती १८३२ साली बंद पडली. तिच्यानंतर तेरा वर्षांनी, म्हणजे १८४५ साली, ग्रँट मेडिकल कॉलेजचे वर्ग सुरू झाले. ज्यांच्या पुढाकाराने ही योजना आकारास आली ते मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ सालीच निवर्तले होते. त्यांचे नाव महाविद्यालयास देण्यात आले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय महाविद्यालयाला लागूनच होते, आणि ही जोडणी हेतुपुरस्सर होती.

महाविद्यालयाचे पहिले प्रमुख चार्ल्स मोरहेड हे त्याच रुग्णालयाचे वैद्यही होते. त्यांचे शिक्षण एडिंबरोला झाले होते आणि त्यानंतर पॅरिसमध्ये पिएर लुई यांच्या हाताखाली त्यांनी अनुभव घेतला होता. रुग्णांच्या नोंदी पद्धतशीरपणे ठेवून त्यांवरून निष्कर्ष काढावयाचे, हा लुई यांच्या संप्रदायाचा विशेष होता. मोरहेड यांचा भारतातील रोगांविषयीचा, रुग्णालयातील निरीक्षणांवर आधारलेला ग्रंथ १८५६ साली प्रसिद्ध झाला. अशा अध्यापकाच्या देखरेखीखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांची पहिली तुकडी १८५१ साली उत्तीर्ण झाली. डॉ. भाऊ दाजी लाड, पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत अग्रभागी असलेले डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतिशास्त्रात नाव मिळविणारे गोव्याचे डॉ. जुझे कामिलु लिझबोआ हे या तुकडीतील होत. विद्यापीठ त्या वेळी अस्तित्वातच नव्हते. त्यामुळे ‘ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर’ हीच त्यांची उपाधी होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाल्यानंतर परीक्षा घेण्याचा आणि पदवी देण्याचा अधिकार महाविद्यालयाकडून विद्यापीठाकडे गेला. शिकविणारा आणि परीक्षा घेणारा यांच्यात अंतर असावे, हे तत्त्व येथून रूढ होऊ लागले. अंतर्गत आणि बाह्य परीक्षकांची आजची व्यवस्था याच तत्त्वाचे फलित आहे.

३

याच काळात मुंबईत एक वेगळा प्रयोग झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ साली मराठी व गुजराती माध्यमांचे वर्ग उघडण्यात आले. सरकारी दवाखान्यांना साहाय्यक वैद्यांची गरज होती, आणि इंग्रजी शिकलेले पदवीधर त्या पगारावर खेड्यापाड्यांत जावयास तयार नव्हते, हे त्यामागील व्यावहारिक कारण होते. या वर्गांमुळे मराठीत वैद्यकीय ग्रंथरचनेला चालना मिळाली. ग्रँट महाविद्यालयाशी संबंधित असलेल्या डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनी मराठीतून वैद्यकविषयक लेखन केले. पुढे हे शिक्षण मुंबईबाहेर हलविले गेले. पुण्यात बैरामजी जीजीभाई यांच्या नावाने १८७८ साली सुरू झालेली वैद्यकीय शाळा ही याच परंपरेतील होय. तिचे महाविद्यालयात रूपांतर १९४६ साली झाले.

देशी भाषेच्या वर्गातील विद्यार्थ्याचा दर्जा पदवीधराहून खालचा मानला जाई. त्याला मिळणारे वेतन आणि अधिकार दोन्ही मर्यादित होते. तथापि एका बाबतीत त्याची स्थिती पदवीधरापेक्षा अनुकूल होती. तो ज्या भाषेत शिकत होता, ज्या भाषेत रुग्णाला प्रश्न विचारत होता आणि ज्या भाषेत परीक्षकाला उत्तर देत होता, त्या तिन्ही भाषा एकच असू शकत होत्या. इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याला मात्र रुग्णाशी मराठीत बोलून परीक्षकापुढे इंग्रजीत निवेदन करावे लागे. रुग्णवृत्तांताचे हे भाषांतर त्याच्या परीक्षेचा एक अघोषित भाग होऊन बसले. पुढे देशी माध्यमाच्या शाळा क्रमाने इंग्रजीकडे वळल्या आणि हे भाषांतर सर्वांनाच अपरिहार्य झाले. एवढे असूनही या भाषांतराला अभ्यासक्रमात नाव मिळाले नाही आणि परीक्षेत त्याचे गुणही नव्हते.

४

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात भारतातील रुग्णपरीक्षेचा प्रश्न आंतरराष्ट्रीय वादाचा विषय झाला. भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांना ब्रिटनमध्ये मान्यता होती, आणि ती देण्याचा अधिकार जनरल मेडिकल कौन्सिलकडे होता. पहिल्या महायुद्धानंतर कौन्सिलने भारतीय महाविद्यालयांच्या प्रशिक्षणाविषयी, विशेषतः प्रसूतिशास्त्राच्या प्रत्यक्ष अनुभवाविषयी, आक्षेप घेतले. पुरेशा संख्येने प्रत्यक्ष बाळंतपणे हाताळल्याशिवाय विद्यार्थ्याला परीक्षेस बसू देऊ नये, असा कौन्सिलचा आग्रह होता. तपासणीसाठी निरीक्षक नेमले गेले; परंतु ही व्यवस्था पुढे चालू ठेवण्याविषयी एकमत झाले नाही, आणि १९३० साली कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली.

भारतीय वैद्यकवर्गात या निर्णयाची तीव्र प्रतिक्रिया उमटली. पराधीन देशाच्या विद्यापीठांना दिलेली ही अपमानास्पद वागणूक आहे, अशी भावना सर्वत्र होती, आणि ती निराधार नव्हती. परंतु मूळ आक्षेपात तथ्य नव्हतेच असे म्हणता येत नाही. त्याचे कारण महाविद्यालयांच्या शैथिल्यापेक्षा समाजस्थितीत अधिक शोधावे लागते. बाळंतपण घरी व्हावे आणि सुईणीच्या हातून व्हावे, ही सर्वत्र रूढ असलेली रीत होती. पुरुष विद्यार्थ्यांसमोर प्रसूत होण्यास स्त्रिया आणि त्यांची कुटुंबे तयार नसत. ग्रँट मेडिकल कॉलेजात १८८३ पासून स्त्रियांना प्रवेश मिळू लागला, १८८५ साली डफरिन फंडाची स्थापना झाली आणि १८८६ साली मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. या प्रयत्नांमुळे स्त्रिया रुग्णालयात येऊ लागल्या खऱ्या. पण प्रत्येक विद्यार्थ्याला हवा तेवढा प्रत्यक्ष अनुभव देण्याइतकी ही संख्या मोठी नव्हती. विद्यार्थ्याच्या कौशल्याची परीक्षा घेण्यासाठी आधी रुग्णाचा रुग्णालयावर विश्वास बसावा लागतो. या वादातून ही गोष्ट प्रथमच इतक्या स्पष्टपणे पुढे आली; परंतु उभय पक्षांच्या युक्तिवादांत मुख्य भर प्रतिष्ठेच्या मुद्द्यावरच राहिला.

त्याची परिणती १९३३च्या भारतीय वैद्यक परिषद अधिनियमात झाली. पदव्यांचा दर्जा ठरविण्याचे आणि परीक्षांची तपासणी करण्याचे काम आता भारतातील परिषदेकडे आले. मुंबईत १९२६ साली सुरू झालेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय यांचा उल्लेख या संदर्भात करणे उचित ठरेल. तेथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा, अशी देणगीदार विश्वस्तांची अट होती. भारतीय अध्यापकांनी शिकवावे आणि भारतीय परिषदेने त्यांच्या परीक्षांचा दर्जा पाहावा, या दोन्ही घटना एकाच आकांक्षेच्या द्योतक आहेत. तथापि परीक्षेचे स्वरूप मात्र ब्रिटिश नमुन्याचेच राहिले. भोर समितीने १९४६च्या अहवालात अल्पमुदतीच्या परवानाधारक वैद्यांची श्रेणी बंद करून सर्वांसाठी एकच पदवी असावी, अशी शिफारस केली. ही शिफारस अमलात आल्यावर देशी भाषेच्या शाळांपासून चालत आलेला दुसरा प्रवाह संपुष्टात आला आणि रुग्णपरीक्षेचा एकच नमुना देशभर रूढ झाला.

५

हा नमुना ‘लाँग केस’ आणि ‘शॉर्ट केस’ या नावांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना परिचित आहे. लाँग केसमध्ये विद्यार्थ्याला एक रुग्ण नेमून दिला जातो. ठरावीक वेळात त्याची ‘हिस्टरी’ घ्यावयाची, त्याला तपासावयाचे आणि मग परीक्षकांपुढे निवेदन करून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची. शॉर्ट केसमध्ये एखादे लक्षण वा अवयव थोडक्या वेळात, बहुधा परीक्षकांच्या देखत तपासावयाचा असतो. या पद्धतीचे सामर्थ्य उघड आहे. येथे रुग्ण खरा असतो, त्याचे आजारपण खरे असते, आणि विखुरलेल्या तक्रारींतून एक सुसंगत चित्र उभे करण्याची विद्यार्थ्याची पात्रता कसाला लागते.

तिच्या उणिवाही तितक्याच ठळक आहेत. एका विद्यार्थ्याच्या वाट्याला सहज ओळखता येणारा हृदयविकार येतो, तर दुसऱ्याला थकलेला, बोलण्यास अनुत्सुक रुग्ण मिळतो. एक परीक्षक उदार असतो, दुसरा कठोर. वारंवार परीक्षेस बसविले जाणारे काही रुग्ण स्वतःच्या रोगाचे इंग्रजी नाव शिकून घेतात आणि घाबरलेल्या विद्यार्थ्याला हळूच सांगून टाकतात, ही गोष्ट वैद्यकीय महाविद्यालयांत सर्वश्रुत आहे. मात्र सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. लाँग केसमध्ये विद्यार्थी रुग्णाजवळ असतो तेव्हा परीक्षक तेथे सामान्यतः नसतात. विद्यार्थ्याने रुग्णाची परवानगी घेतली का, त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतले का, त्याची लाज राखली का, यांपैकी काहीही परीक्षक पाहत नाहीत. ते फक्त विद्यार्थ्याचे कथन ऐकतात. कौशल्याची म्हणविली जाणारी ही परीक्षा त्यामुळे मोठ्या प्रमाणात निवेदनाची परीक्षा बनते, आणि तीही इंग्रजी निवेदनाची.

भाषेचा मुद्दा येथे पुन्हा उपस्थित होतो. रुग्ण ‘अंगात कणकण आहे’ म्हणतो, तेव्हा तापमापकात दिसेल असा ताप त्याला अभिप्रेत असेलच असे नाही. ‘धाप लागते’, ‘दम भरतो’ आणि ‘छातीत भरून येते’ या तीन तक्रारी बोलणाऱ्याच्या दृष्टीने भिन्न आहेत. इंग्रजी निवेदनात मात्र त्यांचे अनेकदा एकाच पारिभाषिक शब्दात सपाटीकरण होते. ‘अंगावरून जाणे’ यासारखा संकोचाने वापरलेला वाक्प्रयोग ज्या विद्यार्थ्याला कळत नाही, त्याची विचारपूस पहिल्याच पायरीवर चुकते. अखिल भारतीय कोट्यातील जागांवर परप्रांतांतून विद्यार्थी येऊ लागले आणि हा प्रश्न अधिक व्यापक झाला. नागपूर, औरंगाबाद वा मिरज येथे शिकणारा परभाषी विद्यार्थी आणि चेन्नई वा कोलकात्यात शिकणारा मराठी विद्यार्थी, दोघांचीही अडचण सारखीच. अशा प्रसंगी परिचारिका, सहाध्यायी वा रुग्णाचा नातेवाईक दुभाष्याचे काम करतो, आणि परीक्षकापुढे ठेवलेले निवेदन मूळ कथनापासून आणखी एक पायरी दूर जाते.

६

लाँग केसच्या विश्वासार्हतेविषयी पाश्चात्त्य देशांत १९६०च्या दशकापासून गंभीर शंका व्यक्त होऊ लागल्या. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३च्या सुमारास एक नवी कल्पना मांडली. निरोगी व्यक्तीला विशिष्ट रोग्याची भूमिका शिकवावयाची आणि सर्व विद्यार्थ्यांनी तिचीच तपासणी करावयाची, अशी ती कल्पना होती. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली वस्तुनिष्ठ संरचित चिकित्सा परीक्षेची, म्हणजेच पुढे ‘ऑस्की’ या नावाने रूढ झालेल्या पद्धतीची, मांडणी प्रसिद्ध केली. या पद्धतीत विद्यार्थी अनेक स्थानकांवरून क्रमाने फिरतात. प्रत्येक स्थानकावर काही मिनिटांत एक ठरावीक कृती करावयाची असते, आणि परीक्षक पूर्वनिश्चित यादीनुसार गुण देतो. सर्वांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ आणि तीच गुणपद्धती मिळते, आणि मुख्य म्हणजे विद्यार्थी प्रत्यक्ष काय करतो हे पाहिले जाते. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली मांडलेल्या चार पायऱ्यांनी या विचाराला सैद्धांतिक आधार दिला : माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखविणे आणि प्रत्यक्ष व्यवहारात करणे.

भारतात या विचाराचे पडसाद लवकर उमटले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शरीरक्रियाशास्त्राच्या अध्यापकांनी प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिकांसाठी याच धर्तीची परीक्षा योजून तिचा वृत्तांत १९८६ साली प्रसिद्ध केला. तथापि विद्यापीठांच्या अंतिम परीक्षेत लाँग केसचेच प्राबल्य राहिले. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७च्या नियमांनी प्रात्यक्षिक परीक्षेत स्वतंत्रपणे किमान ५० टक्के गुण मिळविणे बंधनकारक केले; परंतु ही परीक्षा कशी घ्यावी याबाबत जुनीच चौकट कायम राहिली. नव्या पद्धतीचा प्रसार मंद राहण्यामागे केवळ पुराणप्रियता नव्हती. अनेक स्थानके, अनेक परीक्षक, भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्ती आणि आधीची सविस्तर तयारी हे सारे शेकडो विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला पेलणे सोपे नसते. शिवाय कौशल्याचे तुकडे करून प्रत्येकाला गुण दिल्याने रुग्णाकडे समग्रपणे पाहण्याची दृष्टी हरवते, हा जुन्या अध्यापकांचा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. खुद्द अमेरिकेत भूमिका करणाऱ्या रुग्णांवर आधारलेली परवाना परीक्षा २००४ साली सुरू झाली, २०२० साली महामारीमुळे थांबली आणि २०२१ साली ती कायमची बंद करण्यात आली.

भारतात २०१९च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. मिलर यांच्या पायऱ्यांचा या अभ्यासक्रमाने थेट स्वीकार केला आहे. कोणती कौशल्ये विद्यार्थ्याने देखरेखीखाली स्वतः करून प्रमाणित करून घ्यावयाची, हे त्यात नमूद आहे, आणि त्यांची नोंद ठेवण्यासाठी नोंदवही आवश्यक केली आहे. वृत्ती, नीती आणि संवाद यांचे स्वतंत्र प्रशिक्षण त्यात आहे, आणि आरंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेलाही स्थान दिले आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियमाने देशासाठी एका समान अंतिम परीक्षेची तरतूद केली. २०२३ साली जाहीर झालेल्या नियमांत तिचा पहिला टप्पा बहुपर्यायी प्रश्नांचा आणि दुसरा प्रात्यक्षिकाचा होता. मात्र त्याच वर्षी ती पुढे ढकलण्यात आली. मध्य प्रदेशात २०२२ साली वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली, तेव्हा माध्यमाच्या जुन्या वादाला पुन्हा तोंड फुटले. या वादात पाठ्यपुस्तकाच्या भाषेची जेवढी चर्चा झाली, तेवढी रुग्णाच्या भाषेची झाली नाही.

७

या सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या वाटचालीत रुग्णपरीक्षेकडून दोन अपेक्षा सातत्याने बाळगल्या गेल्या. विद्यार्थ्याला खऱ्या रुग्णाच्या सान्निध्यात, समग्रपणे पाहावे ही पहिली. सर्व विद्यार्थ्यांना एकच माप लावावे ही दुसरी. लाँग केसने पहिली अपेक्षा काही अंशी पुरी केली आणि दुसरी सोडली. संरचित परीक्षेने दुसरी साधली आणि पहिली काहीशी गमावली. म्हणूनच एका पद्धतीच्या जागी दुसरी आणण्यापेक्षा शिक्षणकाळात वारंवार, वेगवेगळ्या अध्यापकांनी आणि प्रत्यक्ष पाहून केलेल्या छोट्या मूल्यमापनांवर आता भर दिला जात आहे. ही दिशा योग्य आहे. मात्र अध्यापकापाशी विद्यार्थ्याजवळ उभे राहून पाहण्यास वेळ असेल तरच ती फलदायी होईल. एरवी नोंदवहीतील सह्या हाच तिचा शेवट ठरण्याचा धोका आहे.

भारतीय संदर्भात या दोन अपेक्षांना तिसरीची जोड द्यावी लागते. रुग्णाचे म्हणणे त्याच्या शब्दांत ऐकून घेणे, ते समजणे आणि त्याच्याच भाषेत त्याला उत्तर देणे, हे चिकित्साकौशल्याचे अविभाज्य अंग आहे. १८६१ सालच्या मराठी वर्गाने ते गृहीत धरले होते, कारण तेथे दुसरी भाषा मध्ये येत नव्हती. पुढील काळात शिक्षणाचा दर्जा उंचावला, परीक्षा अधिक निःपक्षपाती झाली, आणि या प्रवासात हे अंग गुणपत्रिकेबाहेर राहिले. देशभर वैद्यकशिक्षणाची भाषा इंग्रजी राहो वा बदलो, प्रत्येक स्थानकावर आणि प्रत्येक रुग्णशय्येपाशी एक साधा प्रश्न परीक्षकाने विचारता येण्याजोगा आहे : रुग्ण नेमके काय म्हणाला, त्याचे शब्द सांगा. या उत्तराला गुण मिळू लागले, तर रुग्णाचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकणे विद्यार्थ्याला टाळता येणार नाही.